हंसाआत्या घर बघायला येते

आमच्या हंसाआत्याला बरोबर घेऊन घर बघायला गेलात, तर ते घर तुम्ही घेणार नाही एवढं नक्की. गेल्या दोन वर्षांत तिने आमची अकरा घरं मोडली. लोक लग्नं मोडतात, ही घरं मोडते, असं माझा नवरा कौस्तुभ म्हणतो, अर्थात तिच्या माघारी. तोंडावर तो 'आत्या, तुम्ही म्हणाल तसं' एवढंच म्हणतो आणि तिने पुढे केलेली तिसरी आंबोळी निमूट खातो.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय सदुसष्ट, उंची जेमतेम, आवाज मात्र चार माणसांचा. नोकरी होती आरोग्य खात्यात. पोलिओचे डोस पाजायला ती तीस वर्षं घरोघर हिंडली, चेण्याच्या पाड्यांपासून तारोडीच्या किनाऱ्यापर्यंत. ज्या घरातलं मूल डोस प्यायलं त्या घराच्या दाराशी खडूने तारीख लिहायची, ही तिची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. तिच्या घरात लोणच्याच्या बरणीवर तारीख असते, सिलेंडरवर असते, एवढंच काय, टूथब्रशच्या दांड्यावरही असते. तिचे यजमान महिपतकाका गेल्यापासून ती भाईंदरला 'सुमन छाया' नावाच्या चार मजली जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. राहायची, म्हणायला हवं.

आणि ती घाबरट. हे मी प्रेमाने सांगत नाहीये, वैतागाने सांगतेय. घरात पाहुणे आले की ती आधी त्यांच्या चपला दाराकडे तोंड करून लावणार. का, तर पळायला बरं. कागदपत्रांची पिशवी दाराच्या हँडललाच अडकवलेली. आमच्या सान्वीला, म्हणजे माझ्या पाच वर्षांच्या मुलीला, शनिवारी दुपारी ती सांभाळायची, तेव्हा आत एवढा पलंग असताना पोरीला बाहेरच्या दाराजवळ चटईवर झोपवायची आणि स्वतः पायात चपला घालून शेजारी बसायची. वारा येतो, म्हणायची. तो वारा मला कधी लागला नाही, पण आत्याशी वाद कोण घालणार?

आम्ही राहतो बेव्हर्ली पार्कात, भाड्याने. दर अकरा महिन्यांनी मालकाचा फोन येतो, भाडं वाढवा नाहीतर घर सोडा. पाच वर्षांत तीन घरं बदलली. सान्वी तर बाहुल्यांच्या खेळातही खोक्यांत सामान भरते. तिला एक घर हवं होतं आणि मलाही, बास, दुसरं काही मागणं नव्हतं.

म्हणून आम्ही घर शोधत होतो आणि आत्या आमच्यासोबत येत होती. चेण्याला, घोडबंदर रोडच्या कडेला, एका टॉवरचा नमुना फ्लॅट बघितला. काय तो फ्लॅट! काय ते पडदे! मी मनातल्या मनात फ्रिज कुठे ठेवायचा ते ठरवलंसुद्धा. आत्या मात्र आत आलीच नाही. ती सरळ गावात गेली आणि ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्याशी गप्पा मारत बसली.

"बाबा, त्या टॉवरला पाणी कुठून येणार हो?"

"पानी?" म्हातारा हसला. "आमालाच न्हाय बाय, त्यांना कुठं हाय?"

झालं. घर मोडलं.

तिची पद्धत ठरलेली होती. घर नंतर, आधी गल्ली. पहिल्यांदा इस्त्रीवाला, कारण कुठल्या मजल्यावरून कपडे येणं बंद झालं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. मग रिक्षावाला. त्याला विचारायचं, "जुलै में अंदर तक छोडते हो क्या?" तो 'नाक्यावर सोडतो' म्हणाला की समजायचं, गल्लीत पाणी भरतं. मग विजेचे मीटर कुठे बसवलेत ते बघायचं. माणसाच्या डोक्याच्या वर असतील तर ते हौसेने नाही चढवलेले. मग गेटजवळ टँकरच्या चाकांच्या खुणा. हे सगळं झालं की आत जायचं, आणि आत गेल्यावर बाई हॉल बघत नाही, किचन बघत नाही. कॅलेंडर शोधते.

मीरा रोडच्या एका फ्लॅटमध्ये तिने मला हे शिकवलं. फ्लॅटची मालकीण चहा टाकायला आत गेली आणि आत्याने मला कोपराने ढोसलं.

"स्वाती, ते कॅलेंडर बघ. कुठंय?"

"कोपऱ्यात."

"किती उंचावर?"

माझ्या कमरेएवढं होतं. खाली वाकल्याशिवाय तारीख दिसली नसती.

"तारीख बघायला लावलेलं कॅलेंडर डोळ्यांसमोर असतं," ती कुजबुजली. "हे झाकायला लावलंय." आणि मी नको नको म्हणेपर्यंत तिने ते उचलून पाहिलं. मागे ओल आली होती, ताटाएवढी. मालकीण चहा घेऊन बाहेर आली तोवर आम्ही पुन्हा सोफ्यावर शहाण्यासारख्या बसलो होतो.

अशी ही बाई. म्हणून जेव्हा 'सुमन छाया'मधलंच घर विकायला निघालं, तेव्हा मला वाटलं, देव पावला. दुसऱ्या मजल्यावरचे दशरथभाऊ, बरोबर आत्याच्या खालचे, मुलाकडे वसईला राहायला चालले होते. त्यांनी स्वतःहून कौस्तुभला फोन केला. घरातल्या घरात राहील, म्हणाले. इथे ना इस्त्रीवाल्याला विचारायला नको ना रिक्षावाल्याला. चाळीस वर्षं आत्याच तिथे राहतेय! सान्वी शाळेतून वर आजीकडे जाईल, आत्याच्या गुडघ्यांना आमचा आधार होईल. मी आनंदाने फोन केला.

सगळं एका दमात सांगून टाकलं.

"आत्या? ऐकतेयस ना?"

"मासळीचा वास येतो गं तिथे," ती म्हणाली.

मला हसूच आलं. जन्मभर बोंबील खाणाऱ्या बाईला वास! पण ती थांबेना. कबुतरं फार आहेत. जिने चढवत नाहीत. दशरथभाऊंच्या किचनमध्ये ऊन येत नाही. शेजारी भांडकुदळ आहेत. ज्या शेजाऱ्यांनी काकांच्या आजारपणात आळीपाळीने डबे दिले, ज्यांचं कौतुक ऐकून आमचे कान किटले, ते एकाएकी भांडकुदळ? मी चिडले. माझं चिडणं साधं नसतं, आमच्या घराण्याचा गुण आहे तो. मी तडक रिक्षा केली आणि तिच्या दारात जाऊन उभी राहिले.

"खरं काय ते सांग. का नको आहे?"

ती भाजी निवडत होती. मान वर केली नाही. देठं मात्र भाजीत पडत होती आणि पानं कचऱ्यात.

"सांगितलं ना, वास येतो."

"आम्ही जवळ राहायला आलेलो तुला नकोय. तसं सरळ सांग."

आता ती वर बघेल, 'वेडी की काय' म्हणेल, असं मला वाटलं होतं. तिने वर बघितलं. डोळ्यांत जे होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं राग आहे.

"हो," ती म्हणाली. "नकोय. मला माझं एकटं राहायची सवय आहे. पोरीची कटकट रोज नको."

मी जिना कसा उतरले मला आठवत नाही. रिक्षात रडले. रिक्षावाल्याने आरशात बघून विचारलं, "मॅडम, सब ठीक?" आणि मी त्यालाही फटकारलं.

आठ दिवस फोन नाही. कौस्तुभ म्हणाला, जाऊ दे, दुसरं बघू. मी म्हटलं, नाही, हेच घ्यायचं. आत्याच्या नाकावर टिच्चून घ्यायचं. तिचीच पद्धत वापरायची, सगळं नीट बघायचं, आणि सगळं चांगलं निघालं की तिच्या तोंडावर सांगायचं, बघ, तुझ्याच परीक्षेत तुझं घर पास झालं.

त्या शनिवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सान्वीला शेजारी ठेवून मी भाईंदरला गेले. पहिल्यांदा इस्त्रीवाला. 'सुमन छाया'च्या समोरच त्याची गाडी.

"भैया, इस बिल्डिंग के कपडे आते हैं ना?"

"आते थे मॅडम." त्याने इस्त्री उभी केली. "चौथा माला तो पूरा खाली है. पहले माले पे भी एक घर ने ताला डाला, दिवाली के बाद."

"क्यों?"

त्याने इमारतीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा शर्टाची कॉलर दाबायला लागला. "वो लोग को मालूम."

इतक्या वर्षांत मी चौथ्या मजल्यावर कधी गेलेच नव्हते. कारणच पडलं नव्हतं. आत्याने कधी सांगितलंही नव्हतं की तिच्या डोक्यावरची घरं रिकामी आहेत. तरी मी जिना चढले.

दशरथभाऊंनी हसून दार उघडलं. "ये ये स्वाती. हे घर तुझंच समज." ताज्या रंगाचा वास येत होता. त्यांनी किचन दाखवलं, नळ सोडून दाखवला. पाणी होतं, भरपूर. हॉल दाखवला. भिंती पांढऱ्याशुभ्र. मी खूश व्हायला सुरुवात करणार तेवढ्यात माझी नजर दाराआडच्या कोपऱ्यात गेली.

तिथे कॅलेंडर होतं, गुडघ्याच्या उंचीवर. त्याच्या वर आणखी एक कॅलेंडर, गेल्या वर्षीचं. त्याच्याही वर काचेच्या फ्रेममधलं सूर्यास्ताचं चित्र, पार छताच्या तुळईपर्यंत. एकाखाली एक, एका रेषेत.

दशरथभाऊ बोलत होते आणि मला त्यांचे ओठ हललेले तेवढे दिसत होते. मी चहा नको म्हटलं. त्यांनी माझ्या नजरेचा माग काढला आणि त्यांचं हसू तिथेच राहिलं, डोळे मात्र खाली गेले. मी काही उचलून बघितलं नाही. खरं सांगते, बघायची हिंमत झाली नाही.

मी वर गेले. आत्याने दार उघडलं आणि मला बघून दारातच उभी राहिली. मी तिला बाजूला करून आत शिरले. तोच कोपरा, दाराआडचा. तिथे महिपतकाकांचा हार घातलेला मोठा फोटो आहे, खूप खाली लावलेला. आम्हाला नेहमी वाटायचं, बसल्या जागेवरून आत्याला त्यांचं तोंड दिसावं म्हणून असेल. फोटोच्या खाली कॅलेंडर.

"स्वाती, हात लावू नकोस," आत्या म्हणाली.

मी कॅलेंडर उचललं.

तडा होता. माझं बोट पहिल्या पेरापर्यंत आत गेलं असतं. खाली फरशीपर्यंत गेला होता आणि वर काकांच्या फोटोमागे. त्या तड्याला आडव्या, पेन्सिलीने काढलेल्या बारीक रेघा होत्या. प्रत्येक रेघेशेजारी तारीख, तडा त्या दिवशी कुठवर आला होता त्याची. तिच्या अक्षरात, डोस पाजल्यावर दारावर लिहायची तशी. सगळ्यात वरची तारीख सात वर्षांपूर्वीची. मग पुढची, मग त्याच्या पुढची. सुरुवातीला दोन तारखांमध्ये वर्षाचं अंतर. मग सहा महिन्यांचं. शेवटच्या दोन तारखा याच महिन्यातल्या होत्या.

खाली रस्त्यावरून एक डंपर गेला. मांडणीतली भांडी किणकिणली आणि माझ्या मनगटावर चिमूटभर पांढरी भुकटी पडली. आत्याने माझा दंड धरला आणि मला ओढत दाराजवळ आणलं, चटईपाशी. तिथे चौकटीखाली आम्ही दोघी उभ्या राहिलो.

त्या चटईकडे बघितलं आणि मग मला कळलं. वारा! पाच वर्षांची माझी पोर दर शनिवारी या दारात झोपत होती, आणि ही बाई तिच्या उशाशी जागी बसत होती, पायात चपला घालून.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"शपथ घेतली होती."

मग ती हळूहळू बोलली. सात वर्षांपूर्वी चौथ्या मजल्यावर छताचा गिलावा पडला. त्याच वर्षी मागच्या गल्लीतली एक इमारत धोकादायक म्हणून रिकामी झाली होती. लोक बोचकी घेऊन बाहेर पडले ते अजून बाहेरच आहेत, तिथे आजही नुसते पत्रे उभे आहेत. तिथली तिची मैत्रीण कुणाच्या तरी भाड्याच्या खोलीत गेली, शेवटपर्यंत 'मला माझ्या घरी न्या' म्हणत. म्हणून 'सुमन छाया'तल्या सगळ्यांनी सत्यनारायणाच्या दिवशी गच्चीवर जमून पूजेच्या नारळावर हात ठेवला. बाहेरच्या कुणालाही सांगायचं नाही. पोटच्या पोरांनाही नाही.

"मी सगळ्यांच्या आधी हात ठेवला," आत्या म्हणाली. "काकांचं घर आहे गं हे. पण त्या दिवसापासून मी धड झोपले नाहीये. भीती वाटते. इतकी भीती वाटते की काय सांगू."

"आणि आम्ही खालचं घर घेतलं असतं म्हणजे?"

"म्हणून तर म्हटलं ना तुला," तिचा आवाज चिरकला, "नको आहेस म्हणून. दुसरं काय म्हणणार होते? तुला राग आला तरी चालेल. राग आलेलं माणूस जिवंत असतं."

मी तिला घट्ट धरलं. एवढीशी बाई, हातात मावत होती. मला रडू येत होतं, पण त्याहीपेक्षा तिथून पळावंसं वाटत होतं, हे कबूल करते. मी म्हटलं, मीच जाते पालिकेत, आत्ताच्या आत्ता.

"तू नाही," ती म्हणाली. "तू बाहेरची. तू गेलीस तर मी चुगली केली असं होईल. मला चोरून नाही करायचं."

तिने काकांचा फोटो काढून पलंगावर ठेवला. कॅलेंडर काढलं, समोरच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर लावलं. मग घराचं दार सताड उघडं ठेवलं, विटेचा तुकडा लावून. तिसरा मजला, जिन्याच्या तोंडाशीच घर. येणाऱ्या-जाणाऱ्याला सरळ दिसावा असा तो तडा, वरपासून खालपर्यंत, तारखांसकट.

पहिले वर आले ते दशरथभाऊ. आमचा आवाज खाली ऐकू गेला असावा त्यांना, नाहीतर माझ्या पावलांवरूनच त्यांनी ओळखलं असेल.

"हंसाताई! लावा ते दार!" ते ओरडले. "नारळावर हात ठेवला होतात!"

"ठेवला होता," आत्या म्हणाली. तिने पदर तोंडाशी धरला होता, पण ती दारातून हलली नाही. "बाहेरच्याला सांगायचं नाही असं ठरलं होतं, भाऊ. बाहेरच्याच्या गळ्यात मारायचं असं नव्हतं ठरलं. आणि तुम्ही तर माझ्या पोरीच्या गळ्यात मारायला निघालात."

दशरथभाऊ पायरीवर मटकन बसले. मला वाटलं होतं ते भांडतील. त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि म्हणाले, "मलाही झोप लागत नाही, ताई. मुलाने सांगितलं, विका आणि या. मी काय करू?" त्यांचा मला संताप येत होता आणि तरी त्यांना हात देऊन उठवायला मीच पुढे झाले.

सोमवारी आत्याने पालिकेला अर्ज लिहिला. सह्यांसाठी ती दारोदार फिरली, पहिल्या मजल्यापासून, डोसाच्या दिवसांसारखी. काहींनी तिच्या तोंडावर दार लावलं. जिने काकांना डबे दिले होते त्या बाईने तिला नको ते बोलून घेतलं. पाच सह्या झाल्या, पाचवी दशरथभाऊंची. मग इंजिनियर आले, त्यांनी एकेका घरातली कॅलेंडरं उचलली आणि प्रत्येक वेळी एकमेकांकडे बघितलं. पंधरा दिवसांत लोखंडी टेकू लागले आणि महिन्याभरात इमारत रिकामी झाली. शेवटच्या दिवशी आत्या काकांचा फोटो छातीशी धरून जिना उतरली. खाली उभ्या असलेल्या शेजाऱ्यांपैकी कुणी तिच्याशी बोललं नाही. चाळीस वर्षांची माणसं ती. आजही बोलत नाहीत. ते पुन्हा घरात जातील की नाही, कुणालाच माहीत नाही, आणि याची भीती तिला अजून वाटते. मी बरोबर केलं ना गं, असं ती जेवताना मधेच विचारते.

आता ती आमच्याकडे असते, बेव्हर्ली पार्कात, भाड्याच्या घरात. पहिल्या दिवशी आली तेव्हा तिने पिशवी खाली ठेवायच्या आधी आमच्या भिंतींवरून हात फिरवला. हॉल, किचन, आतली खोली. बोटांच्या पेरांनी ठोकत ठोकत, कान लावून. कौस्तुभने मुकाट्याने स्वतःच कॅलेंडर काढून मागची भिंत दाखवली. तिने ती दोनदा बघितली.

दुपारी सान्वीला झोप आली. आजी आली म्हटल्यावर पोरीने आपली आपण चटई ओढत आणली आणि सवयीने बाहेरच्या दाराजवळ अंथरली.

"इथे नाही बाळा," आत्या म्हणाली. तिने चटई गुंडाळली, सान्वीचा हात धरला आणि तिला आतल्या खोलीत, पार खिडकीपाशी नेऊन निजवलं. मग दारापाशी येऊन पायातल्या चपला काढल्या, आत गेली आणि तिच्याशेजारी आडवी झाली. मी चहाला उठवायला गेले तेव्हा पाच वाजले होते. दोघी गाढ झोपल्या होत्या. मी चहा परत नेला.